श्रावणातला कोकण किनारा: तेरपासून मालवणपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यातून तुम्ही, पत्नी, सातवीतला मुलगा आणि सत्तरीकडे झुकलेले आई-वडील असे पाच जण स्वतःच्या गाडीने आठ दिवस कोकण किनाऱ्याला जाऊ इच्छिता. सोयाबीनची फवारणी उरकल्यावर श्रावणातच सवड मिळते आणि पोळ्याला बैलजोडीजवळ परत यायचे आहे. मुलाला किल्ल्यांचे वेड आहे, वडील माळकरी आहेत, तुम्हा दोघांना मासे आवडतात. आणि ज्याला विचारावे तो सांगतो की पावसाळ्यात होड्या बंद, मासे बंद, दिवाळीनंतर जा. मी गेली चोवीस वर्षे लातूर, नांदेड आणि धाराशिवच्या कुटुंबांना गाडीने कोकणात नेत आहे, आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्या पावसाळ्यातल्या आहेत. माझे उत्तर असे की जरूर जा, मात्र समुद्रासाठी जाऊ नका. या दिवसांत समुद्र लांबून बघायचा असतो. तुमची सहल घाट, खाडी, जमिनीला जोडलेले किल्ले आणि कोकणातले स्वयंपाकघर यांच्यावर बेतली, तर दिवाळीनंतर जाणाऱ्याला जे मिळत नाही ते तुम्हाला मिळेल.

आधी काय बंद असते ते नीट समजून घेऊ, कारण लोकांनी सांगितलेले अर्धे खरे आहे. यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग अशा पाण्यातल्या किल्ल्यांकडे जाणारी प्रवासी वाहतूक मे अखेरीस थांबते आणि साधारण ऑगस्ट संपेपर्यंत थांबलेलीच असते. म्हणजे श्रावणात सिंधुदुर्गाच्या तटावर पाय ठेवता येईलच असे गृहीत धरू नका आणि मुलाला तशी आशाही लावू नका. परंतु विजयदुर्ग, रत्नदुर्ग, पूर्णगड, जयगड, देवगड हे सगळे किल्ले गाडीरस्त्याने गाठता येतात. त्यांच्यासाठी होडी लागत नाही, आणि पावसात त्यांच्या जांभ्या दगडाच्या तटांना जो गडद तांबडा रंग चढतो तो उन्हाळ्यात दिसत नाही.

तारखा ठरवताना इंग्रजी महिना बघू नका, पंचांग बघा. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात आणि त्यानंतर मोठ्या होड्या विश्वासाने बाहेर पडतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपती बसतात आणि त्याच्या आधीचे तीन-चार दिवस मुंबईकर चाकरमान्यांच्या गाड्यांनी सगळे रस्ते भरून जातात. या दोहोंच्या मध्ये, श्रावणाच्या वद्य पक्षात, कोकण शांत असते, पावसाचा आषाढातला जोर ओसरू लागलेला असतो, आणि आपल्याकडे मराठवाड्यात श्रावण अमावास्येला पोळा असल्यामुळे तुमची परतीची तारीखही आपोआप ठरते. वद्य तृतीयेला निघा आणि दशमीला घरी या. मधला एक दिवस हाताशी राखीव ठेवा, तो का ठेवायचा ते पुढे सांगतो.

पहिला मुक्काम कोकणात नाही, आपल्याच जिल्ह्यांत आहे, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह याच ठिकाणासाठी असतो. तुमच्या गावाहून दीड-दोन तासांवर तेर आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून तुमचे वडील तिथे अनेकदा गेले असतील, पण मुलाला तिथले पुरातत्त्व संग्रहालय दाखवा. हे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या टिपणात पैठण आणि तगर या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख येतो. तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे आणि तिथून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे त्यात नोंदलेले आहे. संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी बाहुली आहे. तशाच घडणीची बाहुली इटलीत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली आहे. तुमच्या मुलाला त्या काचेसमोर पाच मिनिटे उभे करा आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या गावाचा समुद्राशी काय संबंध होता ते सांगा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. कोकणावर आणि कोल्हापूर भागावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, असे म्हणवून घेत. त्यांचे मूळ तेरचे होते हे ते अभिमानाने सांगत. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या भोजाची राजधानी पन्हाळ्याला होती, आणि विजयदुर्गाची मूळ उभारणीही त्याच्याच नावावर सांगितली जाते. म्हणून मी मराठवाड्यातल्या माणसांना नेहमी सांगतो की कोकणात आपण परके पाहुणे म्हणून जात नाही. तेर, पन्हाळा आणि विजयदुर्ग ही तीन ठिकाणे याच क्रमाने पाहिली की मुलाला इतिहास सनावळीसारखा पाठ करावा लागत नाही, तो वाटेने उलगडत जातो.

तेरहून धाराशिव, तुळजापूर, सोलापूर करून पहिल्या रात्री पंढरपूरला थांबा. आषाढीची गर्दी ओसरलेली असते, वडिलांना दर्शन होते आणि दोन्ही वडीलधाऱ्यांच्या पायांना विश्रांती मिळते. दुसऱ्या दिवशी पंढरपूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी, हे अंतर सुमारे 300 किलोमीटर आहे. पहाटे पाचला निघा, कारण या सगळ्या सहलीतला माझा एकच न मोडण्याचा नियम आहे की घाट दुपारी चारच्या आत उतरलेला असला पाहिजे. चारनंतर धुके खाली येते, आणि धुके, पाऊस व अंधार तिन्ही एकत्र आले की समोरच्या वळणाचा कठडासुद्धा दिसत नाही.

आपल्याकडे वर्षभरात जेमतेम 700 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत त्याच्या चौपटीहून जास्त पडतो. हा फरक आकड्याने कळत नाही. आपला पाऊस येतो, पडतो आणि थांबतो. तिकडचा पाऊस थांबण्यासाठी येतच नाही. म्हणून निघण्यापूर्वी वायपरचे रबर बदला, टायरची नक्षी बघा, ब्रेकचे पॅड दाखवून घ्या आणि काचेवर आतून धुके धरते तेव्हा ब्लोअर कसा लावायचा ते घरीच शिकून घ्या. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवा, ब्रेकवर पाय दाबून धरू नका. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे; धुक्यात त्यामुळे मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळत आहात हेच कळत नाही. हेडलाइट खालच्या झोतावर ठेवणे पुरेसे असते.

आणखी एक गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो आहे. सुरुवातीच्या काळात राजापूर तालुक्यात समोरून एसटी आली म्हणून मी आपल्याकडच्या सवयीने गाडी साइडपट्टीवर घेतली. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला काळी माती असते, फार तर चाक रुतते. तिथे हिरवेगार गवत दिसत होते आणि त्या गवताखाली दोन फूट खोल गटार होते. डावीकडची दोन्ही चाके त्यात गेली. जवळच्या वाडीतली माणसे जांभ्याचे चिरे आणि एक फळी घेऊन आली, त्यांनी चाकांखाली चिरे रचत रचत गाडी वर काढली, आणि पैसे देऊ केले तेव्हा चहा प्यायला घरी नेले. तेव्हापासून मी कोकणात समोरून मोठी गाडी आली की रुंद जागा बघून आधीच थांबतो. डांबर सोडत नाही.

कोल्हापूर सोडल्यावर वेळ असेल तर पन्हाळ्याला दोन तास द्या. रस्त्यापासून तो लांब नाही. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज 12 जुलै 1660 च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, भर पावसात विशाळगडाकडे निघाले आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंड लढवली, हे मुलाला पुस्तकातून माहीत असेल. परंतु डिसेंबरच्या कोरड्या उन्हात पन्हाळ्यावर उभे राहून त्या रात्रीचा अंदाज येत नाही. श्रावणात मलकापूरच्या पुढे धुके उतरते, दहा पावलांवरचे झाड दिसेनासे होते, चिखलात बूट अडकतो, आणि अशा वाटेने माणसे पालखी खांद्यावर घेऊन रात्रभर धावली हे काही न सांगता समजते. पावनखिंडीपर्यंत या दिवसांत वडीलधाऱ्यांना नेऊ नका. वाट निसरडी असते. आंबा गावाच्या अलीकडे गाडी थांबवून त्या डोंगररांगांकडे नुसते बघितले तरी पुरे.

रत्नागिरीत दोन रात्री राहा. तिथला थिबा राजवाडा मी कधीही टाळत नाही. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला राणी व मुलींसह देशाबाहेर काढले. 1886 पासून तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. हा राजवाडा त्याच्यासाठी 1910 च्या सुमारास बांधला गेला आणि 1916 मध्ये त्याचे इथेच निधन झाले. म्हणजे तीस वर्षे त्याने हाच पाऊस पाहिला. उंचावरच्या त्या सज्जातून खाडीकडे पाहताना पाऊस पडत असेल तर तो राजवाडा कळतो. उन्हाळ्यात ती केवळ एक जुनी सुंदर इमारत असते. सरकारी संग्रहालये सोमवारी बहुधा बंद असतात, तेवढे पाहून दिवस ठरवा. लोकमान्य टिळकांचा 1856 चा जन्म याच गावातला, त्यांचे कौलारू जन्मस्थान बघायला अर्धा तास पुरतो. रत्नदुर्गावर गाडी वरपर्यंत जाते, भगवतीचे देऊळ आतच आहे, आणि आई-वडिलांना चढाव पडत नाही.

चौथ्या दिवशी महामार्गाने जाऊ नका, सागरी रस्त्याने दक्षिणेला निघा: पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर. अंतर कमी दिसते म्हणून दुपारी निघण्याची चूक अनेक जण करतात. आपल्या सपाटीवर तासाला साठ-सत्तर किलोमीटर होतात, इथे तीस धरा, कारण रस्ता प्रत्येक खाडीपाशी उतरतो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उंच माळावर, चढतो. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. ज्ञानेश्वरी अभंगरूपात आणणारे हे संत माळकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाहीत. माझ्या गाडीतली अनेक म्हातारी माणसे इथून निघायला तयार नसतात, तेव्हा इथे सकाळचा सावकाश वेळ ठेवा. पूर्णगड लहान आहे, मुचकुंदी नदीच्या मुखावर उभा आहे, आणि अर्ध्या तासात तटावरून पूर्ण फिरून होतो.

कशेळीचे कनकादित्य मंदिर हे किनाऱ्यावरचे सूर्यमंदिर आहे. शिलाहार दुसऱ्या भोजाचा बाराव्या शतकाच्या अखेरचा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. तो प्रत्यक्ष बघायला मिळेल असे समजू नका, पण तेरपासून निघालेला धागा इथे हाताला लागतो. लाकडी खांब, कौलांवरून पडणारी पागोळी, ओल्या चिऱ्यांचा वास आणि आत मंद समई, असे ते देऊळ श्रावणात पाहिले की तुमच्या आईला तिथेच बसून राहावेसे वाटेल.

विजयदुर्गाला मात्र पूर्ण अर्धा दिवस द्या. तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूने जमीन असा हा किल्ला असल्यामुळे पावसाळ्यातही दाराशी गाडी जाते. एकामागे एक तीन तटबंद्या आहेत, आणि प्रवेश असा वळवून घेतला आहे की शत्रूला दरवाजा समोरून दिसूच नये. शिवाजी महाराजांनी तो बळकट केला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रजांच्या आरमाराने इथे तोफा डागल्या, तुळाजी आंग्र्यांची जहाजे खाडीत जळाली आणि किल्ला पडला. ही मोहीम इंग्रजांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून केली होती, ही गोष्ट मुलांपासून लपवू नये असे माझे मत आहे. घरातल्या भांडणात शेजाऱ्याला बोलावल्यावर काय होते ते इथल्या तटाशी उभे राहून जितके स्पष्ट कळते तितके वर्गात कळत नाही. पुढे आनंदराव धुळपांच्या हाती आरमार आले आणि 1783 मध्ये त्यांनी ‘रेंजर’ हे इंग्रजांचे जहाज लढून पकडले, हेही त्याच दमात सांगा. गिर्ये गावाचा रामेश्वर आणि वाघोटण खाडीतली खडकात कोरलेली जुनी गोदी, म्हणजे जहाजे दुरुस्तीला घेण्याची जागा, वाटेत आहे.

किल्ल्यात तुम्हाला हेलियमचा शोध याच तटावरून लागला असे सांगितले जाईल. 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले हे खरे आहे. परंतु फ्रेंच शास्त्रज्ञ झांसेन यांनी त्या वेळी निरीक्षण केले ते आंध्रातल्या गुंटूरहून, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून अभ्यासली. मुलगा विज्ञानात रमणारा असेल तर त्याला दोन्ही गोष्टी सांगा. किल्ल्याचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही.

आता जेवणाकडे येतो, कारण श्रावणात कोकणात जाण्याचे सर्वांत भक्कम कारण माझ्या मते तेच आहे. श्रावण पाळणारी घरे कोकणातही भरपूर आहेत. महिनाभर मासळी चुलीवर चढत नाही. त्यामुळे एरवी माशांच्या ताटात कोपऱ्यात बसणारे शाकाहारी पदार्थ या महिन्यात मध्यभागी येतात. पावसाने उगवलेल्या रानभाज्या असतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. टाकळा म्हणजे आपल्या नांदेड-हिंगोलीकडचा तरोटा. आपण त्याला तण म्हणतो, तिकडे कोवळी पाने चिरून, कांदा-खोबरे घालून त्याची भाजी करतात. अळवाचे फदफदे, फणसाच्या आठळ्या घातलेली आमटी, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या, काकडी किसून रवा व गुळात भाजलेले धोंडस, या सगळ्यांचा हंगाम हाच आहे. दिवाळीनंतर गेलेल्याला पातोळी मागूनही सहसा मिळत नाही, कारण हळदीची पाने तेव्हा वाळलेली असतात.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी निलंग्याकडचे एक वयस्कर शेतकरी माझ्या गाडीत होते. तीन दिवस भात खाऊन ते कंटाळले होते आणि बोलत नव्हते. देवगडजवळच्या एका घरगुती मुक्कामात मी काकूंना कुळथाची पिठी करायला सांगितली. त्यांनी कढईत तेल तापवून ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची टाकली, पाणी ओतले, त्यात दोन-तीन आमसुले सोडली, आणि पाण्याला उकळी फुटल्यावर एका हाताने तपकिरी पीठ भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळत राहिल्या. एकही गुठळी झाली नाही. वरून ओले खोबरे पडले. वास आल्याबरोबर हे काका ओसरीवरून आत आले आणि म्हणाले, “हे हुलग्याचं हाय की.” काकू म्हणाल्या, “आमचो कुळीथ.” तिकडचा कुळीथ म्हणजेच आपला हुलगा; आपण त्याचे शेंगोळे करतो, माडगे करतो, ते पिठी करतात. त्या रात्री काकांनी काकूंना शेंगोळे कसे वळायचे ते पिठाचा गोळा हातात घेऊन दाखवले, आणि दोन घरे एकमेकांना गेल्या जन्मीची ओळख असल्यासारखी बोलत बसली. म्हणून मी सांगतो, मुक्काम शक्यतो घरगुती ठिकाणी करा आणि जेवणात काय आहे असे न विचारता घरात आज काय शिजणार आहे असे विचारा.

वडिलांसाठी एक गोष्ट आधी फोनवर सांगून ठेवा. चातुर्मास असल्यामुळे ते कांदा-लसूण खात नसतील तर आदल्या दिवशी तसे कळवा. ऐनवेळी सांगितले तर वाटण आधीच झालेले असते. ओल्या नारळाची आपल्याकडच्या पोटाला सवय नसते, शेंगदाण्याचे कूट आणि येसर यांवर आपण वाढलेले असतो. पहिल्या दोन दिवसांत रसभाज्या बेताने घ्या आणि जेवणाच्या शेवटी सोलकढी प्या; कोकमाने पोट जागेवर राहते. ज्वारीची भाकरी तिथे मिळणार नाही, तांदळाची मिळेल, आणि ती गरम असतानाच खायची असते. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. घाटात झाड पडून दोन तास रस्ता अडला तर तीच उपयोगाला येते.

मासे खाणाऱ्यांनी अपेक्षा समजून ठेवाव्यात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या जातात, पण समुद्र खवळला की परततात. जे आज आले तेच ताजे: बांगडा, कोळंबी, खाडीतले लहान मासे. ताटात मोठी सुरमई किंवा पापलेट आले आणि त्या आठवड्यात वारा सुटलेला असेल, तर ते बर्फातले आहे असे समजा. खरा पावसाळी स्वाद सुक्या मासळीत आहे. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. सोडे-बटाट्याचा रस्सा, सुक्या बोंबलाचे तिखट कालवण आणि जवळ्याची चटणी हे कोकणी घरांनी पावसाळ्यासाठीच मे महिन्यात भरून ठेवलेले अन्न असते. खा, पण घरी आणण्यासाठी या दिवसांत सुकी मासळी विकत घेऊ नका. हवेतला ओलावा तिने ओढलेला असतो आणि औशाला पोहोचेपर्यंत तिला वास येतो.

पाचव्या दिवशी देवगड आणि कुणकेश्वर करून मालवणला या. सहाव्या दिवशी वद्य अष्टमी पडेल, म्हणजे गोकुळाष्टमी. मालवणी घरांत त्या दिवशी आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी होते. उपास सुटायच्या वेळेला पाहुणा घरात असेल तर त्याला पानावर बसवतातच.

भरती-ओहोटी ओळखायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब मुलाला शिकवा: तिथीची पाऊणपट करायची, तो पूर्ण भरतीचा ठोकळ तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. तरीही पावसाळ्यात समुद्रात उतरायचे नाही, पोटरीभर पाण्यातसुद्धा नाही. वाळू पायाखालून सरकते आणि परतणारी लाट माणसाला ओढून नेते. विहिरीत आणि तलावात पोहणारी आपल्याकडची तरबेज पोरे यातच फसतात. मुलाचा हात धरूनच किनाऱ्यावर चाला.

दुपारी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघायला जा. सिंधुदुर्गाच्या बांधकामाला 25 नोव्हेंबर 1664 रोजी आरंभ झाला, तेव्हा या खडकाशी पूजन झाल्याचे सांगतात. खडकावर गणपतीची आकृती कोरलेली आहे. समोर कुरटे बेटावर तो सगळा किल्ला पसरलेला दिसतो. सुमारे तीन किलोमीटरच्या तटावर लाटा आदळत असतात, आणि तीन वर्षांत, साडेतीनशेहून अधिक पावसाळ्यांपूर्वी, हे काम या लाटांच्या मधल्या उसंतीत कसे केले असेल हा प्रश्न मुलगा स्वतःहून विचारतो. आत जाता आले नाही याची हळहळ माझ्या बहुतेक प्रवाशांना इथे उभे राहिल्यावर उरत नाही.

राखीव दिवसाचे कारण आता सांगतो. हवामान खात्याने रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गासाठी लाल इशारा दिला तर जिथे आहात तिथेच थांबा. 22 जुलै 2021 ला चिपळूण एका रात्रीत पाण्याखाली गेले, 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 चा दगडी पूल कोसळून एसटीच्या दोन बसगाड्या वाहून गेल्या. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते वीतभर असले तरी गाडी घालू नका. समोरची जीप गेली म्हणून तर मुळीच नाही. मुक्कामाच्या मालकांना खरी परिस्थिती माहीत असते, त्यांचे ऐका. आणि भाड्यासाठी फार घासाघीस करू नका. या महिन्यांत त्यांची मिळकत आधीच कमी असते आणि दरही उतरलेले असतात.

निलंगा-उदगीर भागातून जाणाऱ्यांनी, किंवा पुढच्या खेपेला तुम्हीही, उत्तरेचा रस्ता धरावा: कराडहून कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर आणि जंगारमधून, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या होडीतून, खाडी ओलांडून दाभोळ. बिदरच्या मदरशाची भव्य इमारत उभारणारा महमूद गवान 1453 मध्ये याच दाभोळला जहाजातून उतरला आणि बहमनींच्या बिदरकडे गेला. वारा फार असला तर जंगार काही तास थांबवतात, एवढे लक्षात ठेवा.

परतताना सातव्या दिवशी कणकवलीहून फोंडा घाट चढा आणि राधानगरीवरून कोल्हापूरला या. छत्रपती शाहू महाराजांनी बांधलेल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की पाण्याच्या दाबानेच उघडतात. श्रावणात ते उघडलेले दिसण्याची शक्यता चांगली असते आणि शेतकऱ्याला ते बघण्यात वेगळेच समाधान असते. आठव्या दिवशी कोल्हापूरहून सकाळी निघालात तर दिवेलागणीपर्यंत घरी पोहोचाल. दशमी असेल. राखीव दिवस खर्च झाला तरी एकादशी. ओले कपडे वाळवून, गाडीखालचा तांबडा चिखल धुऊन, खांदेमळणीच्या संध्याकाळी तुम्ही हळद-लोणी घेऊन गोठ्यात असाल.